शोथदर्शके, अश्वसंधीतील

घोड्याच्या सांध्यातील दाहाचे स्वरूप व तीव्रता अजमावण्यासाठी संधिद्रवात मोजल्या जाणाऱ्या पेशी, प्रथिने व इतर रेणू. ‘सायनोव्हिया’ हे संधिद्रवाचे नाव सोळाव्या शतकातील स्विस वैद्य पॅरासेल्ससकडे जाते. ग्रीक ‘सिन्’ (सह) आणि लॅटिन ‘ओव्हम’ (अंडे) यांपासून, अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा द्रव म्हणून, ही व्युत्पत्ती कोशांतून रूढ आहे. शब्द त्याने मनानेच घडविला असावा, असेही एक मत आहे. तो हा शब्द शरीराच्या निरनिराळ्या भागांतील पोषक रसांना लावी, हे पाहता दुसरे मत अधिक पटते.

निरोगी द्रव फिकट पिवळा, नितळ व चिकट असतो. थेंब दोन बोटांत धरून ताणला की तार निघते. दाहात द्रवाला चिकटपणा देणारे हायलुरोनिक आम्ल विरळ होऊन ही तार लवकर तुटते. निरोगी सांध्यात दर घन मिलिमीटरमागे पांढऱ्या पेशी साधारणतः 1,000 पेक्षा कमी व प्रथिने डेसिलिटरला सुमारे 2 ग्रॅमपर्यंत आढळतात. पेशी 30,000 च्या वर, प्रथिने 4 ग्रॅमच्या वर आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 80 टक्क्यांहून अधिक असल्यास जंतुसंसर्ग गृहीत धरतात. अडचण मधल्या आकड्यांची : सांध्यात नुसती सुई घातली तरी पेशी व प्रथिने वाढतात.

म्हणून सीरम अमायलॉइड ए (एसएए) या प्रथिनाला महत्त्व आले. निरोगी घोड्यात ते नगण्य असते, संसर्गात झपाट्याने वाढते. वारंवार सुई घातल्याने मात्र फारसे हलत नाही. ते मुख्यतः यकृतात तयार होते. तथापि 2006 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाहग्रस्त सांध्याच्या द्रवात रक्तात न आढळणारे त्याचे प्रकार मिळाले. संधिपटलही (सांध्याचे आतील अस्तर) ते स्रवते, हा निष्कर्ष त्यामुळे ग्राह्य वाटतो. जुनाट संधिवातात एसएए बहुधा कमीच राहते. तिथे त्याचा उपयोग नाही.

प्रोस्टाग्लँडिन ई-2 हा दाहकारक रेणू वेदनेशी निगडित असून फिनाइलब्युटाझोन या दाहशामक औषधाने घटतो. इंटरल्यूकिन-1 ही पेशींतील संदेशवाहक प्रथिन कूर्चा झिजविणारी विकरे (एन्झाइमे) चेतविते. तिचा पेशीवरील ग्राहक (रिसेप्टर) अडविणारे प्रथिन घोड्याच्याच रक्तातून वाढवून सांध्यात टोचतात. संशोधनात हे रेणू नेहमी मोजले जातात, तबेल्यात क्वचितच.

पेशीगणनेचा नमुना ईडीटीए हा गोठणरोधक क्षार घातलेल्या नळीत घेतात. नळी अपुरी भरल्यास त्या क्षारामुळे अपवर्तनमापीवर (द्रवातून प्रकाश किती वळतो यावरून प्रथिने मोजणारे उपकरण) प्रथिनांचा आकडा खोटाच चढतो.