'चेकअप'मधलं 'अप' जातं कुठे?

लोअर परळच्या कुठल्याही ऑफिसात 'फॉलोअप घेतला का?' हे दिवसभर कानावर पडतं. केईएमच्या ओपीडीत चेकअपची रांग असते, बाइकला पिकअप हवा असतो, कॉलेजात कुणाचं तरी ब्रेकअप झालेलं असतं. सगळीकडे 'अप' आहे, पण वर काहीच जात नाही. 'फॉलो' आणि 'अप' यांच्या अर्थांची बेरीज केली तरी पाठपुरावा हाती लागत नाही.

भाषाशास्त्रातला जुना वाद यावरूनच आहे. अशी जोडी मेंदू दर वेळी नव्याने जुळवतो, की अख्खी जोडी एकच शब्द म्हणून साठवलेली असते? एकच शब्द म्हणावं, तर 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं, पण 'कॉल द मीटिंग ऑफ' म्हणताना मीटिंग खुशाल मध्ये घुसते. शब्द असा दुभंगतो होय?

2010 मध्ये कपेल, श्टिरोव्ह आणि पुल्व्हरम्युलर या संशोधकांनी थेट मेंदूकडे पाहिलं. चेतापेशींच्या विद्युत हालचालींमुळे तयार होणारं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र एमईजी तंत्राने मोजता येतं. 'हीट अप'सारख्या रुळलेल्या आणि 'हीट डाउन'सारख्या कुणीच वापरत नाही अशा जोड्या त्यांनी ऐकवल्या. रुळलेल्या जोडीला मेंदूचा प्रतिसाद जास्त जोरदार मिळाला. खरा शब्द आणि निरर्थक शब्द यांच्यातही असाच फरक दिसतो. व्याकरणाने जुळवलेल्या शब्दांचं मात्र उलटं असतं: जुळणी बरोबर असेल तर प्रतिसाद कमी. थोडक्यात, कौल साठवणुकीकडे झुकला.

मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. कुणी काही 'बोलून जातो' तेव्हा तो जागचा हललेला नसतो, आणि 'भलतंच करून बसलेला' माणूस उभाही असू शकतो. 'बोलून तर गेलास!' म्हणताना इथेही मध्ये फट पडतेच.

एवढं असूनही इंग्रजी लिहिताना आपण 'पुट ऑफ' टाळून 'पोस्टपोन' लिहितो. ही टाळाटाळ हिब्रू भाषकांमध्ये 1985 साली नोंदली गेली, तेव्हा कारण सोपं वाटलं: हिब्रूत असल्या जोड्या नाहीत. डच भाषेत त्या भरपूर आहेत, पण 1989 च्या अभ्यासात डच विद्यार्थीही काही जोड्या टाळताना दिसले. त्या फारच डच वाटत होत्या, म्हणून इंग्रजीत चालतील का, असा संशय! 'फॉलोअप'बाबत मुंबईत असा संशय कुणालाच येत नाही. त्याला 'घेणं' हे मराठी क्रियापद केव्हाच चिकटलं आहे.