घरझडतीवरील सांविधानिक मर्यादा (भारत)

खाजगी निवासस्थानात शिरून वस्तू वा दस्तऐवज शोधण्याच्या पोलिसांच्या अधिकाराला संविधानाने घातलेली बंधने. भारतीय संविधानात घरझडतीचा स्वतंत्र अनुच्छेद नाही. आज मानली जाणारी मर्यादा मुख्यतः अनुच्छेद २१ च्या (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) न्यायालयीन अर्थविस्तारातून आली आहे. तपशीलवार नियम फौजदारी प्रक्रिया कायद्यात असून त्यांची परंपरा संविधानापेक्षा जुनी आहे.

अशी तरतूद संविधानात का आली नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण देणारी अमेरिकन संविधानाची चौथी दुरुस्ती (१७९१) घटनाकारांसमोर होती. बी. आर. आंबेडकरांच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) या निवेदनात जवळजवळ तिच्याच शब्दांतले कलम आढळते; मूलभूत हक्क उपसमितीच्या मसुद्यातही तशी तरतूद होती. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि संविधानिक सल्लागार बी. एन. राव यांनी तिला हरकत घेतली. वॉरंटाशिवाय झडतीच नाही असे ठरल्यास गुन्ह्यांचा तपास अडेल, हा राव यांचा मुख्य आक्षेप. १९४७ मध्येच सल्लागार समितीच्या पातळीवर ही तरतूद गळली.

प्रश्न तेथे संपला नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांची त्याच आशयाची दुरुस्ती घटना समितीत चर्चेला आली. हे नियम प्रक्रिया संहितेत आधीच आहेत, तरीही ते विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर ठेवणे इष्ट ठरेल, असे म्हणत आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. मतदानाच्या वेळी गोंधळ झाला, निर्णय लांबणीवर पडला आणि अखेर दुरुस्ती फेटाळली गेली. काहींच्या मते हा जाणीवपूर्वक नकार होता. मात्र मसुदा समितीच्या अध्यक्षांचीच अनुकूलता आणि मतदानातील घोळ पाहता, त्यातून ठाम तत्त्व काढणे धाडसाचे वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने आरंभी संविधानातील मौनालाच निर्णायक मानले. एम. पी. शर्मा वि. सतीशचंद्र (१९५४) या दालमिया समूहातील कंपनीच्या चौकशीतून उद्भवलेल्या प्रकरणात आठ न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले की, झडती म्हणजे अनुच्छेद २०(३) मधील स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नव्हे, आणि चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क न्यायालयाने बाहेरून आणू नये. घटना समितीतील वरील चर्चा त्या निकालात तपासलेली दिसत नाही. खडकसिंग प्रकरणात (१९६२) पाळतीखालील व्यक्तीच्या घरी रात्री पोलिसांनी जाण्याची मुभा देणारा उत्तर प्रदेशचा नियम रद्द झाला, पण त्याच बहुमताने खाजगीपणाचा हक्क नाकारला. ही विसंगती पुढे वारंवार दाखविली गेली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरविला आणि दोन्ही जुने निकाल तेवढ्यापुरते रद्द केले. तेव्हापासून घरातील हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या लागतात. तत्पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी, राज्याबाहेर कत्तल झालेले गोमांस बाळगणे गुन्हा ठरविणारे महाराष्ट्राच्या प्राणी संरक्षण कायद्यातील कलम ५ड खाजगीपणाच्याच आधारे रद्द केले होते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १८५ नुसार वॉरंटाविना झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याने कारणे आणि शक्य तितका शोधवस्तूचा तपशील आधी लेखी नोंदवावा व नोंदींची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी. जुन्या संहितेच्या कलम १६५ मध्ये ‘तत्काळ’ असे होते. झडतीचे दृकश्राव्य चित्रीकरणही आता सक्तीचे आहे. पंच, पंचनामा आणि कबजेदाराची उपस्थिती यांविषयीचे नियम बव्हंशी पूर्ववत आहेत.

नियम मोडल्यास काय, हा या विषयाचा दुबळा भाग होय. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही, असे पूरनमल प्रकरणात (१९७३) ठरले. महाराष्ट्रातील सोने-तस्करीच्या एका खटल्यातही (१९७९) जप्ती वैध मानली गेली. राधाकिशन वि. उत्तर प्रदेश या निकालानुसार अशा झडतीला घरमालक विरोध करू शकतो आणि न्यायालयाने जप्तीचा पुरावा अधिक बारकाईने तपासावा. मुद्देमाल मात्र पुराव्यात राहतो.