अणुभट्टीभौतिकी : विद्यापीठीय अभ्यासविषय (गोवा)

अणुभट्टीत न्यूट्रॉन कसे जन्मतात, किती फिरतात आणि कशात शोषले जातात, याचा हिशेब मांडणारी भौतिकीची शाखा. अणुअभियांत्रिकीच्या शिक्षणातला पायाचा विषय. गोव्यात अणुभट्टी नाही. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात (स्थापना १९८५) आणि संलग्न महाविद्यालयांत विद्यार्थी या विषयाच्या उंबरठ्यापर्यंत पोचतो तो केंद्रकीय भौतिकीच्या पेपरातून. अध्यापन इंग्रजीतून होते. त्यामुळे मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या डिचोली-सत्तरीच्या मुलांच्या तोंडीही ‘मॉडरेटर’ (न्यूट्रॉनांचा वेग उतरवणारा पदार्थ) आणि ‘क्रॉस सेक्शन’ (न्यूट्रॉन केंद्रकाशी अभिक्रिया करण्याच्या शक्यतेचे माप) हेच शब्द बसतात.

युरेनियम-२३५ च्या एका विखंडनातून, म्हणजे केंद्रक फुटण्यातून, सुमारे २०० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा आणि सरासरी २.४ न्यूट्रॉन मिळतात. हे न्यूट्रॉन फार वेगवान असतात. त्यांचा वेग उतरवला, तर पुढचे विखंडन घडण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. त्यासाठी हायड्रोजनवर सुमारे १८, ड्युटेरियमवर (हायड्रोजनचा जड प्रकार) २५, तर कार्बनवर ११५ टकरा लागतात. आकडे पाहून साधे पाणीच सरस वाटेल, पण हायड्रोजन न्यूट्रॉन गिळतोही. नैसर्गिक युरेनियमात युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते; तेवढ्यावर भट्टी चालवायची, तर जड पाणी (ड्युटेरियमचे पाणी) किंवा शुद्ध ग्रॅफाइट हवे.

जड पाण्याच्या भट्टीचे गोव्याला सर्वांत जवळचे उदाहरण दक्षिण गोव्यातील काणकोणच्या सीमेपलीकडे आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी नदीकाठी कैगा येथे २२० मेगावॉटच्या चार जड पाण्याच्या अणुभट्ट्या आहेत. त्यांपैकी पहिली ३१ डिसेंबर २०१८ रोजी थांबवली, तेव्हा ती सलग ९६२ दिवस चाललेली होती. या प्रकारच्या भट्टीत ती चालू असतानाच इंधन बदलता येते, हे त्यामागचे एक मोठे कारण.

विषयाचा खरा गाभा मात्र विलंबित न्यूट्रॉनांमध्ये आहे, आणि परीक्षेपुरते वाचणाऱ्यांकडून नेमका तोच निसटतो. एका पिढीतून पुढच्या पिढीत न्यूट्रॉन किती पटीने जातात, तो गुणक ‘के’. तो १ असला की भट्टी स्थिर चालते. समजा तो १.००१ झाला आणि पिढीचा काळ सेकंदाचा दहा हजारावा भाग आहे. मग सेकंदाभरात न्यूट्रॉन सुमारे २२ हजार पट होतील. न्यूट्रॉन शोषून भट्टी आवरणारी कोणतीही नियंत्रक कांडी तेवढ्यात आत सरकत नाही. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण युरेनियम-२३५ च्या विखंडनातले सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन लगेच बाहेर पडत नाहीत. ते विखंडनातून उरलेल्या तुकड्यांच्या किरणोत्सारी क्षयातून, सेकंदाच्या अंशापासून मिनिटाभरापर्यंतच्या अंतराने येतात. एवढ्या उशिरामुळे वरच्याच उदाहरणात शक्ती दुप्पट व्हायला अर्धा-पाऊण मिनिट लागते. गुणकातली वाढ ०.६५ टक्क्यांच्या खाली ठेवणे हा म्हणूनच नियंत्रणाचा पहिला दंडक.

दुसरे अवघड प्रकरण झेनॉन-१३५. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतील हॅनफर्डची अणुभट्टी सुरू झाल्यावर काही तासांतच आपोआप मंदावत बंद पडली, आणि पुढे काही तासांनी पुन्हा जिवंत झाली. साडेसहा तासांच्या अर्धायुष्याच्या आयोडीन-१३५ पासून झेनॉन तयार होत होता; त्याच्याइतका हपापलेला न्यूट्रॉन-शोषक क्वचितच सापडेल. भट्टी थांबवल्यावरही तो काही तास वाढतच राहतो. त्यामुळे बंद केलेली भट्टी हवी तेव्हा पुन्हा सुरू करता येत नाही.

अणुअभियांत्रिकीत उष्णतावहन, सामग्रीविज्ञान आणि स्थापत्य हेही येते. मे १९९४ मध्ये कैगा येथे बांधकाम चालू असताना एका भट्टीच्या आवरणाच्या आतल्या घुमटाचा काँक्रीटचा भाग कोसळला, तो स्थापत्याचा धडा.

पुढील शिक्षणासाठी गोव्याबाहेर जावे लागते : आयआयटी मुंबई, आयआयटी कानपूर किंवा भाभा अणुसंशोधन केंद्राचे १९५७ पासूनचे प्रशिक्षण विद्यालय. या विद्यालयात पदवीधरांना वर्षभराचे शिक्षण मिळते आणि भौतिकीवाल्यांबरोबर अभियंतेही घेतले जातात. गोवा मुक्तिलढ्यातील नेते पुरुषोत्तम काकोडकर यांचे चिरंजीव अनिल काकोडकर यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन याच विद्यालयात दाखल झाले. २००० ते २००९ या काळात ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते.