एकाच केबलमधून डिश आणि अँटेना

छतावर उपग्रहाच्या दिशेने लावलेली डिश आहे, शेजारी प्रक्षेपण मनोऱ्याच्या दिशेने लावलेला अँटेना आहे, आणि भिंतीतून दिवाणखान्यापर्यंत मात्र एकच केबल गेलेली आहे, अशी परिस्थिती अनेक घरांत असते. अशा वेळी दुसरी केबल टाकण्यासाठी भिंत फोडावी लागेल असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही, कारण दोन्ही सिग्नल एकाच तांब्याच्या तारेवरून एकाच वेळी, एकमेकांत न मिसळता, खाली आणता येतात. हे कसे घडते आणि कुठे फसते, हे समजून घेतले तर घरातल्या केबलजोडणीचे बरेचसे कोडे सुटते.

मनोऱ्यावरून येणारे दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण मुख्यतः 470 मेगाहर्ट्झच्या पुढच्या पट्ट्यात असते. या पट्ट्याची वरची सीमा पूर्वी 862 मेगाहर्ट्झपर्यंत जात असे. युरोपात वरचा भाग मोबाइल सेवांकडे गेल्यामुळे ती आता 694 वर आली आहे. उपग्रहाचा सिग्नल याहून कितीतरी वरचा, म्हणजे केयू पट्ट्यात 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झ इतक्या वारंवारतेचा असतो. तो 35,786 किलोमीटर उंचीवरून येताना अत्यंत क्षीण झालेला असतो, आणि इतक्या उच्च वारंवारतेचा सिग्नल साध्या घरगुती केबलमध्ये सोडला तर उरलेली शक्तीही झपाट्याने संपेल. म्हणून डिशवरून परावर्तित झालेल्या लहरी जिथे एकवटतात त्या नाभीपाशी बसवलेले एलएनबी हे छोटे उपकरण दोन कामे करते: सिग्नलची शक्ती एक लाख ते दहा लाख पटींनी वाढवते आणि त्याची वारंवारता खाली उतरवते.

ही उतरण म्हणजे साधी वजाबाकी आहे. प्रचलित युनिव्हर्सल एलएनबीमध्ये 9.75 गिगाहर्ट्झची स्थिर लहर तयार होते आणि ती येणाऱ्या सिग्नलशी मिसळली की दोहोंतला फरक शिल्लक राहतो. त्यामुळे 10.7 गिगाहर्ट्झवरची वाहिनी 950 मेगाहर्ट्झवर येते. पट्ट्याच्या वरच्या भागासाठी 10.6 गिगाहर्ट्झची लहर वापरली जाते आणि 12.75 गिगाहर्ट्झचे टोक 2150 मेगाहर्ट्झवर येते. अशा रीतीने एलएनबीतून निघणारे सारे काही 950 ते 2150 मेगाहर्ट्झमध्ये बसते, आणि अँटेनाचा पट्टा तर त्याच्या आधीच संपलेला असतो. दोन्ही पट्ट्यांच्या मधली ही मोकळी जागा हाच या साऱ्या व्यवस्थेचा पाया आहे.

दोन सिग्नल एकत्र करणाऱ्या आणि खाली पुन्हा वेगळे करणाऱ्या लहानशा धातूच्या डबीला डिप्लेक्सर म्हणतात. एक डबी वर आणि एक खाली लागते, आणि दोन्ही डब्या सहसा एकसारख्याच असतात, कारण तिच्यातून सिग्नल कोणत्याही दिशेने गेला तरी तिचे वागणे बदलत नाही. ही डबी उघडली तर आत सूक्ष्म प्रक्रियकासारखे काहीही दिसत नाही. लाखेचा लेप दिलेल्या तारेची चार-सहा वेढ्यांची इवली वेटोळी आणि मसुराच्या दाण्याएवढे कपॅसिटर दिसतात. वेटोळे कमी वारंवारतेला सहज वाट देते आणि जास्त वारंवारतेला अडवते. कपॅसिटरचे नेमके उलट असते. अँटेनाच्या वाटेत वेटोळी एकामागून एक जोडून आणि त्यांच्या मधून कपॅसिटर जमिनीकडे नेऊन कमी वारंवारतांची गाळणी बनते, तर डिशच्या वाटेत तीच मांडणी उलटवून जास्त वारंवारतांची गाळणी बनते. दोन गाळण्या एका टोकाशी जोडल्या की डिप्लेक्सर तयार झाला.

या डबीऐवजी साधा स्प्लिटर लावून काम भागवण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. स्प्लिटर वारंवारतेकडे पाहत नाही. तो शक्ती सरळ दोन भागांत वाटतो, आणि उलटा वापरला तरी प्रत्येक सिग्नलची साधारण निम्मी शक्ती वाया घालवतो. वर एक आणि खाली एक असे दोन स्प्लिटर लावले तर प्रत्यक्षात सात-आठ डेसिबलची घट होते, म्हणजे मूळ शक्तीचा पाचवा-सहावा हिस्सा उरतो. चांगल्या डिप्लेक्सरच्या जोडीत ही घट साधारण दोन डेसिबल असते आणि सुमारे 63 टक्के शक्ती टिकून राहते.

पण खरी अडचण सिग्नलच्या घटीपेक्षा विजेच्या वाटेत असते. एलएनबीला चालण्यासाठी वीज लागते आणि ती खालच्या सेट-टॉप बॉक्समधून त्याच केबलवरून वर जाते. ही वीज आज्ञेचेही काम करते: 13 व्होल्ट दिले तर एलएनबी उभे ध्रुवीकरण, म्हणजे उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरी, निवडते, 18 व्होल्ट दिले तर आडवे, आणि विजेवर 22 किलोहर्ट्झचा बारीक कंप चढवला तर ते पट्ट्याच्या वरच्या भागाकडे वळते. म्हणजे एकाच तारेवरून चित्रे खाली येत असतात, आणि वीज व आज्ञा वर जात असतात. आता डिशच्या वाटेतली गाळणी कपॅसिटरची आहे आणि कपॅसिटर एकदिश वीज अडवतो, म्हणून डिप्लेक्सरमध्ये त्याला वळसा घालणारे एक वेगळे वेटोळे ठेवावे लागते, ज्यातून वीज आणि 22 किलोहर्ट्झचा कंप जातो पण चित्राचा सिग्नल जात नाही. अँटेनाच्या वाटेत मात्र वीज पूर्णपणे अडवलेली असते.

ती अडवणे का आवश्यक आहे? पुष्कळ अँटेनांची रचनाच अशी असते की एकदिश विजेच्या दृष्टीने केबलची मधली तार आणि बाहेरची जाळी थेट जोडलेल्या असतात. चित्राच्या सिग्नलला त्याने काही बिघडत नाही, पण 18 व्होल्ट तिथे पोहोचले की तो सरळ शॉर्टसर्किट ठरतो आणि सेट-टॉप बॉक्स आपले संरक्षण म्हणून वीज बंद करतो. वीज जाऊ देणारा साधा स्प्लिटर वापरल्यावर डिश अचानक "मेल्यासारखी" होते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. याच्या उलटही घडते: अँटेनाजवळ ॲम्प्लिफायर असेल आणि त्याला केबलवरून वीज मिळत असेल, तर मध्ये डिप्लेक्सर आल्यावर ती वीज पोहोचेनाशी होते. अशा वेळी ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा डिप्लेक्सरच्या अलीकडे, म्हणजे छताच्या बाजूलाच, जोडावा लागतो.

केबलचा स्वतःचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहू लागतो आणि रोध वाढतो. ढोबळमानाने वारंवारता चौपट झाली तर डेसिबलमधली घट दुप्पट होते. चांगल्या आरजी-6 केबलच्या 30 मीटर लांबीत 500 मेगाहर्ट्झवरची घट चार डेसिबलच्या आसपास असते, पण 2150 मेगाहर्ट्झवर ती नऊ डेसिबलपर्यंत जाते, म्हणजे शक्तीचा आठवा हिस्साच उरतो. त्यामुळे जुन्या केबलवरून मनोऱ्याच्या वाहिन्या छान दिसतात आणि डिशच्या काही निवडक वाहिन्या तेवढ्या तुटतात, असे होऊ शकते. दोष डिशमध्ये नसून केबलमध्ये असतो.

जोडाच्या टोकाशी तर मिलिमीटरचा हिशेब असतो. एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड, लावताना बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक धागा जरी मधल्या तारेला टेकला, तरी वीज आणि सिग्नल दोन्ही कोसळतात. उलट जाळी नीट न दाबता सैल राहिली, तर केबल स्वतःच अँटेनासारखी वागू लागते. अँटेना आणि डिश यांच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत आता मोबाइलच्या लहरी हवेत सर्वत्र आहेत, आणि डीईसीटी प्रकारचे कॉर्डलेस फोन वापरत असलेला 1880 ते 1900 मेगाहर्ट्झचा पट्टा तर एलएनबीतून निघणाऱ्या 950 ते 2150 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या आतच येतो. फोन उचलला की एखादीच वाहिनी फुटते, अशी तक्रार आली तर आधी कनेक्टर पाहावा.

शेवटी एक अपवाद. काही नवी वाइडबँड एलएनबी 10.41 गिगाहर्ट्झची लहर वापरून सारा पट्टा 290 ते 2340 मेगाहर्ट्झमध्ये पसरवतात. त्यांचा सिग्नल अँटेनाच्या पट्ट्यावरच येऊन बसतो, त्यामुळे मधली मोकळी जागाच राहत नाही आणि कोणताही डिप्लेक्सर त्यांना वेगळे करू शकत नाही. अशा घरात अँटेनासाठी दुसरी केबल टाकावीच लागते.