सिलिंडरचा गॅस आणि पाइपचा गॅस

लालबाग-गिरगावातली चाळ पडते, पुनर्विकासात टॉवर उभा राहतो आणि स्वयंपाकघरातला सिलिंडर जाऊन पाइप येतो. शेगडी बहुतेकदा जुनीच. वासही जवळपास तोच, कारण मुळात दोन्ही गॅसना वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. मग सवयीही त्याच चालतील असं वाटतं. तिथेच घोळ होतो.

सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्युटेन हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळले की खाली बसतात: ओट्याखाली, मोरीत. अशा वेळी वरचा झरोका पुरत नाही, दार सताड उघडावं लागतं. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन, हवेच्या निम्म्याहून थोडा जास्त वजनाचा. तो वर चढतो, छताशी साठतो. म्हणून पाइपच्या घरात वरची जाळी बुजवायची नाही. इंटिरियरवाले ती हमखास बंद करतात, वर पाइपही कपाटामागे लपवतात. दिसायला छान, पण गळलेला गॅस कपाटातच कोंडतो.

वास आला तर मात्र दोन्हीकडे एकच शिस्त. दिव्याचं, एक्झॉस्टचं कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. नॉब बंद, मग रेग्युलेटर बंद. पाइप असेल तर वॉल्व्हची दांडी पाइपला आडवी करायची. दारं-खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि फोन बाहेरूनच करायचा. सिलिंडरसाठी १९०६, पाइपसाठी गॅसच्या बिलावर छापलेला आपत्कालीन नंबर.

आता ज्योत. सिलिंडरचा गॅस शेगडीला सुमारे ३० मिलिबार दाबाने मिळतो, पाइपचा २१ च्या आसपास. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या सिलिंडर-गॅसमध्ये उष्णता अडीच ते तीन पट. म्हणून पाइपसाठी जेटचं, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचं, भोक मोठं लागतं. सिलिंडरचं जेट तसंच ठेवून पाइप जोडला तर ज्योत मरतुकडी होते, भाकरी फुगत नाही. चिडचिड होते, एवढंच.

उलटा प्रकार जास्त वाईट, आणि तो मुंबईकरच करतात. नवी शेगडी आली की जुनी कोकणात गावी जाते. जेट पाइपचं आणि गावाला सिलिंडर. ज्योत उंच, पिवळी, भांडी काळीकुट्ट, शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, ज्याला कसलाच वास नाही. गाडीत टाकण्याआधी मेकॅनिककडून जेट बदलून घ्या.

जेट योग्य असूनही ज्योत पिवळी येत असेल, तर आधी बर्नर बघा. उतू गेलेलं दूध भोकांत सुकलेलं असतं. बर्नर कोमट साबणपाण्यात भिजवून भोकं पिनेने मोकळी करायची आणि पूर्ण सुकल्यावरच बसवायचा. जेटमध्ये मात्र पिन घालू नका. भोक रुंदावलं तर गॅस जास्त येतो आणि ज्योत आणखी पिवळी होते.