पानाचा धनी कोण? मुक्तस्रोत प्रकल्पांची संकेतस्थळं सांभाळणाऱ्यांची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०१० मध्ये डेबियन प्रकल्पाच्या, म्हणजे लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणकप्रणाली बांधणाऱ्या स्वयंसेवकांच्या संघटनेच्या, सदस्यांनी एका ठरावावर मतदान केलं. ज्यानं एकही सॉफ्टवेअर पॅकेज, म्हणजे बसवायला तयार गठ्ठा, बांधलेलं नाही, पण वर्षानुवर्षं प्रकल्पाचं संकेतस्थळ सांभाळलंय, भाषांतरं केलीत, माहितीपुस्तिका लिहिल्यात, त्याला मतदानाच्या हक्कासह पूर्ण सदस्य करून घ्यायचं का, असा तो ठराव. उत्तर दणदणीत बहुमतानं 'हो' असं आलं. ठराव मांडणारे स्टेफानो झाकिरोली तेव्हा प्रकल्पाचे निवडून आलेले प्रमुख होते, त्यामुळे निकालाचं फारसं आश्चर्य कुणाला वाटलं नसावं. खरं नवल तारखेचं आहे. डेबियनची स्थापना ऑगस्ट १९९३ मधली. एवढी साधी गोष्ट इतक्या स्वच्छ शब्दांत कबूल करायला सतरा वर्षं लागली.

मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा, प्रकल्पांच्या गप्पांत एक रडगाणं कायम ऐकू येतं: कोड लिहायला रांग लागते, डॉक्सना, म्हणजे वापराच्या माहितीपुस्तिकांना, कुणी हात लावत नाही. त्याला आकड्यांचाही आधार आहे. कोड साठवण्याचं आणि एकत्र सुधारण्याचं संकेतस्थळ असलेल्या गिटहबनं २०१७ साली केलेल्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा शिळ्या डॉक्युमेंटेशनची तक्रार केली होती, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी आपण डॉक्समध्ये क्वचितच भर घालतो किंवा कधीच घालत नाही, असं सांगितलं होतं. यावरून 'लोकांना लिहायचा कंटाळा' असा निष्कर्ष काढून मोकळं होता येतं. मला तो पटत नाही. मागचा इतिहास बघितला तर लिहिणारे कायमच आलेले दिसतात. लिहिलेलं पान दुसऱ्याला दुरुस्त करता येईल का, आणि दुरुस्त करणाऱ्याला प्रकल्पात काही स्थान मिळेल का, या दोन ठिकाणी घोडं अडलेलं आहे.

सुरुवात लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टपासून करायला हवी. मॅट वेल्श, लार्स विर्झेनियस, मायकेल जॉन्सन अशा मंडळींच्या पुढाकारानं हे काम १९९२ साली सुरू झालं. लिनक्स तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या सनसाइट या सर्व्हरवर सगळं साहित्य ठेवलेलं असे. तिथे दोन प्रकारचं लेखन होतं. एक, जाडजूड मार्गदर्शिका: वेल्शची लिनक्स बसवण्याबद्दलची, विर्झेनियसची सिस्टिम सांभाळण्याबद्दलची, ओलाफ किर्शची नेटवर्कबद्दलची. दुसरे 'हाउटू'. एक विषय घ्यायचा, मोडेम, प्रिंटर, इथरनेट कार्ड, असं काहीही, आणि ते लिनक्सवर कसं चालवायचं ते अथपासून इतिपर्यंत सांगायचं. नव्वदच्या दशकात लिनक्स शिकलेल्या पिढीचं निम्मं शिक्षण या हाउटूंवर झालं, असं म्हटलं तरी फार वावगं ठरणार नाही.

या प्रकल्पाची रचना अगदी सोपी होती. प्रत्येक हाउटूला एक लेखक, तोच त्याचा मेंटेनर. चूक सापडली की वाचकानं लेखकाला ईमेल पाठवायची, लेखकानं दुरुस्त करून नवी आवृत्ती समन्वयकाकडे धाडायची, समन्वयकानं ती सर्व्हरवर चढवायची. मजकूर एका ठरावीक मार्कअपमध्ये, म्हणजे मजकुरात खुणा घालण्याच्या पद्धतीत, लिहायचा, आधी लिनक्सडॉक नावाच्या एसजीएमएल प्रकारात आणि पुढे डॉकबुकमध्ये. त्यातून छापायची प्रत, साधी मजकूर-प्रत आणि वेबपान, तिन्ही आपोआप निघत. जिल्हा पातळीच्या वर्तमानपत्रातही तेव्हा इतकी शिस्त क्वचितच असेल!

पण सातबारा एकाच्याच नावावर, आणि तो माणूस गाव सोडून गेलेला, अशा जमिनीचं जे होतं तेच या हाउटूंचं झालं. लेखक विद्यार्थी होते, त्यांना नोकऱ्या लागल्या. कुणाचं ते कार्ड मोडलं आणि विषयातला रसही संपला. हाउटू मात्र त्यांच्याच नावावर राहिला. पानावर तारीख जुनी, उल्लेख कधीच मागे पडलेल्या कर्नेलचा (लिनक्सच्या गाभ्याचा), आणि वाचकाच्या ईमेलला उत्तर नाही. बेवारस हाउटू दुसऱ्याला दत्तक द्यायची सोय पुढे झाली खरी, पण दत्तक घ्यायचं म्हणजे पुन्हा एकट्यानंच संपूर्ण जबाबदारी उचलायची. फक्त एक परिच्छेद सुधारायची इच्छा असलेल्या माणसासाठी तिथे दार नव्हतंच. पुढे वेगवेगळ्या लिनक्स वितरणांनी (लिनक्सच्या तयार संचांनी) आपापले दस्तऐवज लिहिले, आर्च लिनक्ससारख्यांची विकी, म्हणजे कुणालाही सुधारता येणारी पानं, भरभराटीला आली आणि वाचक तिकडे वळले. जुने हाउटू आजही वाचायला मिळतात. त्यातल्या सूचना आजच्या यंत्रावर करून बघायच्या फंदात मात्र पडू नये.

मध्ये परवान्याचा एक तिढा आला, त्याची नोंद करून पुढे जाऊ. मुक्त सॉफ्टवेअरबरोबर येणारी पुस्तिकाही मुक्त हवी, असा मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांचा आग्रह. त्यातून २००० साली दस्तऐवजांसाठी खास असा, त्यांच्याच जीएनयू प्रकल्पाचा परवाना आला. त्यात लेखकाला काही भाग 'कुणीही बदलू नये' असे राखून ठेवण्याची मुभा होती. डेबियनवाल्यांना हे रुचलं नाही: बदलता येत नाही ते मुक्त कसलं? २००६ मध्ये त्यांनी मतदान करून ठरवलं की असे न बदलता येणारे भाग नसतील तरच त्या परवान्याखालचा दस्तऐवज मुक्त मानायचा. परिणाम असा की ईमॅक्स हा स्टॉलमन यांचाच मजकूर लिहायचा-सुधारायचा प्रोग्रॅम डेबियनच्या मुख्य भांडारात आहे आणि त्याची पुस्तिका 'अमुक्त' विभागात. बाहेरच्याला हा निव्वळ कीस पाडण्याचा प्रकार वाटेल. पण मुद्दा तोच होता: आलेल्या स्वयंसेवकानं मजकुराला हात लावायचा की नाही.

डेबियनच्या संकेतस्थळाकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण स्वयंसेवकांचं काम बांधून देण्याचं तंत्र तिथे जितकं विचारपूर्वक घडलं तितकं फार कमी ठिकाणी दिसतं. हे संकेतस्थळ दिसायला कधीच देखणं नव्हतं. तेरा वर्षं जवळपास एकाच रूपात काढल्यावर फेब्रुवारी २०११ मध्ये त्याचा पहिला मोठा कायापालट झाला, आणि नवं मुखपृष्ठ यायला डिसेंबर २०२० उजाडलं. पण आतली व्यवस्था पक्की होती. प्रत्येक भाषेची स्वतंत्र डिरेक्टरी, मूळ पान इंग्रजीत, आणि भाषांतरित पानाच्या डोक्यावर एक ओळ: हे भाषांतर मूळ पानाच्या अमुक क्रमांकाच्या आवृत्तीवरून केलं आहे. मूळ पान बदललं की क्रमांक जुळत नाही आणि यंत्र ते पान 'मागे पडलेलं' म्हणून यादीत टाकतं. फारच मागे पडलं तर वाचकालाही पानाच्या वरच तशी सूचना दिसते. २०१८ मध्ये सगळा साठा सीव्हीएसमधून गिटमध्ये (दोन्ही बदलांची नोंद ठेवणारी साधनं) हलवला, तेव्हा क्रमांकाच्या जागी कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलाची, खूण आली. तत्त्व मात्र तेच राहिलं.

वरवर पाहता ही किरकोळ तांत्रिक सोय वाटते. पण तिच्यामुळे काम शोधावं लागत नाही. तासभर मोकळा असलेला माणूस यादी उघडतो, मागे पडलेलं एक पान घेतो, नेमक्या बदललेल्या चार ओळी बघतो, सुधारतो, निघून जातो. संपूर्ण पानाची मालकी अंगावर घ्यावी लागत नाही. हाउटूंच्या व्यवस्थेत नेमकं हेच नव्हतं.

फ्रेंच भाषांतरकारांनी त्यावर आणखी एक पायरी चढवली. पत्रव्यवहाराच्या विषयओळीतच कंसात ठरावीक अक्षरं लिहायची: आयटीटी म्हणजे हे मी भाषांतरायला घेतोय, आरएफआर म्हणजे तपासून द्या, एलसीएफसी म्हणजे हरकत असेल तर आत्ताच बोला, आणि शेवटी डन. एक छोटा प्रोग्रॅम या ओळी वाचून कोणतं पान कुणाकडे अडकलंय याचा तक्ता बनवतो. पुढे इतर भाषांच्या गटांनीही ही पद्धत उचलली. यात बैठका नाहीत आणि साहेबही नाही. दोन माणसांनी एकच पान भाषांतरायचा वैताग टळतो, आणि तपासल्याशिवाय काही छापलंही जात नाही.

इतकं सगळं करणाऱ्या लोकांना सदस्यत्वाची वाट मात्र पॅकेज बांधणाऱ्यांच्या मापानं आखलेली होती, आणि २०१० चा ठराव त्या विसंगतीवरचा उतारा होता. शेजारच्या फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पात हा प्रश्न आधीच सुटलेला होता. तिथे कमिटचे अधिकार तीन प्रकारचे: मूळ स्रोत, पोर्ट्स (बाहेरचं सॉफ्टवेअर तिथे बसवण्याची सोय) आणि डॉक्स. केवळ डॉक्सचा अधिकार असलेला माणूसही कमिटरच, आणि प्रकल्प चालवणाऱ्या कोअर टीमच्या निवडणुकीत त्याचं मत इतरांइतकंच. फ्रीबीएसडीच्या हँडबुकचं इतकं कौतुक का होतं, याचं निदान एक कारण मला इथे दिसतं.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची गोष्ट थोडक्यात. तिथलं डॉक्युमेंटेशन चांगलं होतं, पण लेटेक या किचकट मांडणी-भाषेत लिहिलेलं, त्यामुळे दुरुस्ती करणारे मोजके. २००७ मध्ये गेऑर्ग ब्रांडलनं ते सगळं साध्या मजकुरासारख्या दिसणाऱ्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आणलं आणि त्यासाठी लिहिलेलं स्फिंक्स हे पानं बांधणारं साधन २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. २०१० मध्ये जँगो या पायथॉनमधल्या वेब-साधनाच्या अठ्ठेचाळीस तासांच्या एका स्पर्धेत तयार झालेल्या 'रीड द डॉक्स'नं अशी पानं फुकट बांधून प्रसिद्ध करून द्यायला सुरुवात केली. कोड जसा तपासून आत घेतात तसेच डॉक्सही घ्यायचे, ही रीत तिथून रुळली. फायदे सगळ्यांना ठाऊक आहेत. तोटा असा, की गिट न येणारा उत्तम लेखक आता उंबऱ्याबाहेर राहिला.

विकी विरुद्ध गिट हा पेच सर्वांत लख्ख दिसला तो एमडीएन या वेब-तंत्रज्ञानाची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाच्या बाबतीत. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट शिकणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी या पानांवर येतो. मूळ मजकूर नेटस्केप या जुन्या ब्राउझर-कंपनीचा. नेटस्केपची मालकी असलेल्या एओएलनं तो संग्रह बंद केला. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानं त्याचे हक्क मिळवून २००५ मध्ये तो विकीच्या रूपात उघडला. पुढे विकीचं इंजिन दोनदा बदललं, पण पंधरा वर्षं तत्त्व एकच: खातं उघडा, बटण दाबा, पान सुधारा. शेकडो अनोळखी हातांनी ते ज्ञान उभं राहिलं. त्यात कचराही यायचा, आणि तो निवडायला, भाषा एकसारखी ठेवायला, नव्या लोकांना हात धरून शिकवायला मोझिलाचे पगारी लेखक होते. स्वयंसेवकांच्या कौतुकात या पगारी संपादकांचा उल्लेख बहुतेक वेळा राहूनच जातो.

ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलानं सुमारे अडीचशे लोकांना कमी केलं, त्यात या लेखकांपैकीही बरेच गेले. डिसेंबरमध्ये विकी बंद करून सगळी पानं गिटहबवर हलवली गेली. स्थलांतर आधीपासून ठरलेलं होतं, पण योग असा जुळला की खुला दरवाजा मिटला आणि राखणदारही गेले, तेही एकाच हंगामात. जानेवारी २०२१ मध्ये ओपन वेब डॉक्स नावाची व्यवस्था उभी राहिली. गूगल, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्या आणि सुटे देणगीदार पैसे देतात, त्यातून लेखकांना पगार मिळतो आणि ते एमडीएनवर काम करतात. गूगलनं २०१९ पासून 'सीझन ऑफ डॉक्स' या उपक्रमातून डॉक्सच्या कामाला पैसे द्यायला सुरुवात केली होतीच. पैसा आला की स्वयंसेवक पळतात, अशी एक जुनी भीती असते. एमडीएनवर तरी तसं झालं नाही. उलट आलेली दुरुस्ती वेळेवर तपासणारं कुणी असलं तरच पुढची दुरुस्ती येते, हे तिथे दिसलं.

भाषांतरांच्या वाट्याला मात्र कठोर निर्णय आला. स्थलांतरात इंग्रजी सोडून सगळ्या भाषा गोठवल्या गेल्या. आलेलं काम तपासायला ज्या भाषांत स्वयंसेवकांचा जिवंत गट होता, उदाहरणार्थ फ्रेंच, जपानी, कोरियन, रशियन, चिनी, त्या पुन्हा उघडल्या. ज्यांचा वाली नव्हता त्या भाषांची पानं काढून टाकली. जुनं, चुकीचं पान ठेवण्यापेक्षा पान नसलेलं बरं, हा त्यामागचा विचार. मला तो बरोबर वाटतो, पण आपल्यासारख्या भाषांना तो जड जातो हेही तितकंच खरं.

मराठीचा संबंध इथे येतो. डेबियनचं इन्स्टॉलर मराठीत चालतं. भाषा निवडली की पडद्यावरचे प्रश्न देवनागरीत येतात. संकेतस्थळं बांधायच्या वर्डप्रेसलाही स्वतंत्र मराठी रूप आहे. पण डेबियन बसवण्याची सविस्तर पुस्तिका मराठीत नाही. पडद्यावरची वाक्यं मोजकी असतात, एकदा नेटानं बसून ती संपवता येतात. पुस्तिका दर आवृत्तीला बदलते, आणि तिच्यामागे धावायला दोन-चार माणसं वर्षानुवर्षं लागतात.

अशी माणसं जमली तर पुढचा रस्ता तयार आहे. पायथॉननं २०१७ मध्ये पीईपी ५४५ या दस्तऐवजात अधिकृत भाषांतरांचे नियम घालून दिले. भाषेसाठी एक समन्वयक हवा. योगदान देणाऱ्यानं आपलं भाषांतर सीसी-झीरो परवान्याखाली, म्हणजे आपले हक्क सोडून, द्यायला संमती द्यायची, म्हणजे उद्या तो निघून गेला तरी मजकूर कुणाच्या नावावर अडकून राहत नाही. जपानी आणि फ्रेंच गटांनी याच चौकटीत पायथॉनच्या अधिकृत पत्त्याखाली आपापली जागा मिळवली.