तांबड्या पेशीचा रस्ता चुकतो तेव्हा

‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के आणि दुसऱ्याला शिकवलेलं ९० टक्के’ असा एक रंगीत त्रिकोण शिक्षकांच्या प्रशिक्षणांत हटकून दाखवतात. या आकड्यांमागे एकही प्रयोग नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांचे प्रकार दाखवणारी आकृती, काढला; त्यात टक्केवारी नव्हतीच. ती मागाहून चिकटवली गेली. स्मरणशक्ती १०च्या पाढ्याने चालली असती तर काय हवं होतं!

बोलून आणि नाटक करून विषय पक्का होतो हे मात्र खरं. का होतो, ते बघण्यासारखं आहे.

वर्गात रक्ताभिसरण करून बघा. जमिनीवर खडूने हृदयाचे चार कप्पे (वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका), बाजूला फुप्फुसं, लांब कोपऱ्यात पायाचा अंगठा. तांबडी पेशी झालेली मुलगी अंगठ्याला ऑक्सिजनची चिठ्ठी देते, उजव्या कर्णिकेत येते, उजव्या जवनिकेतून फुप्फुसात जाते, नवी चिठ्ठी घेते आणि तिथून तडक निघते अंगठ्याकडे. डावी जवनिका झालेला मुलगा ओरडतो, “अगं, मग मी इथे कशाला उभा आहे?”

हाच धडा वाचताना तिला ही चूक कळली नसती. वाक्यं ओळखीची वाटतात, आणि ओळखीचं ते समजलेलं असं आपण खुशाल धरून चालतो. दोन वाक्यांमधलं बरंच काही पुस्तक वाचकावर सोडतं. बोलताना, चालून दाखवताना ते गाळून पुढे जाता येत नाही.

मिशेलिन ची (Chi) या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नेमका रक्ताभिसरणाचाच उतारा आठवीच्या मुलांना दिला. एका गटाने प्रत्येक वाक्यानंतर त्याचा अर्थ स्वतःला समजावून सांगायचा, दुसऱ्याने उतारा दोनदा वाचायचा. समजावणाऱ्यांची समज जास्त वाढली. त्यातही ज्यांनी भरपूर समजावलं, त्या सगळ्यांना रक्ताचा दुहेरी फेरा बरोबर उमगला.

फेरा दुहेरी का? फुप्फुसाच्या केशवाहिन्या नाजूक असतात, म्हणून उजवी जवनिका रक्त ढकलते तेव्हा दाब पाऱ्याच्या साधारण २५ मिलिमीटरइतकाच असतो. जाळ्यातून बाहेर पडेपर्यंत त्यातलाही बराचसा ओसरतो. एवढ्यावर रक्त अंगठा गाठणार कसं? म्हणून ते परत हृदयाकडे येतं आणि डावी जवनिका त्याला सुमारे १२० मिलिमीटरचा धक्का देते. ओरडणारा मुलगा हेच विचारत होता, फक्त पाऱ्याचं नाव न घेता.

स्नेहसंमेलनातलं नाटक इथे कामाचं नाही. संवाद पाठ असले की पेशी चुकतच नाही, आणि कळतही काही नाही. पुठ्ठ्याचं हृदय सुंदर झालं म्हणून टाळ्या तेवढ्या मिळतात.

दुसरी अडचण शिक्षकांच्या घाईची. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत होते. ते ३ सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली आणि मुलं कारणंही देऊ लागली. त्या मुलीलाही तेवढंच हवं असतं: चिठ्ठी हातात धरून ती खडूच्या रेघांकडे बघते, आणि कुणी बोट दाखवलं नाही तर माघारी वळून डाव्या कर्णिकेत शिरते.